सुभद्रेचं फूल

तिकडे अमेरिकेत गोरे लोक आपसात लढत होते, त्यामुळे इकडे वऱ्हाडातला कापूस सोन्याच्या भावानं जात होता आणि आमच्या अमरावतीत जो तो एकाएकी शहाणा झाला होता. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसल्या. आयुष्यभर सूर्याकडे बघून वेळ ओळखणाऱ्यांच्या कमरेला विलायती घड्याळं लोंबू लागली. ती बंद पडली तरी मालकाला पत्ता लागत नसे. कुणाच्या घरी झुंबर आलं, कुणाच्या घरी आरसा आला. खुशालराव पाटलांच्या घरी दुःख आलं.

ते कसं आलं हे सांगायलाच हवं, कारण खुशालराव हा मुळात दुःखी माणूस नव्हता. पूर्णाकाठच्या खेड्यात त्याची काळी जमीन होती. कापसाला भाव आल्यावर त्यानं अंबागेटाच्या आत नवं घर बांधलं, बैठकीला गादी-तक्के केले आणि बोलताना मध्येच थांबून मिशीवर हात फिरवायची सवय लावून घेतली. एक दिवस सौद्याचं बोलायला तो कापसाच्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर गेला. तिथं भिंतीवर सोनेरी चौकटीत एक चित्र होतं. त्यात देव नव्हता, माणूस नव्हता, नुसती फुलं होती, आणि तीही धड नव्हती. काही मिटलेली, काही माना टाकलेली, दोन-चार खाली गळालेली. बोलता बोलता साहेब त्या चित्रासमोर जाऊन उभा राहिला आणि त्यानं नाक शिंकरलं. खुशालरावाला वाटलं, सर्दी झाली असेल.

बाहेर आल्यावर खानसाम्यानं खुलासा केला. "साहब की मेम गुजर गयी, पाटीलसाहब. ये उसकी याद है. हर फूल का मतलब होता है. खिला हुआ मतलब जिंदगी, गिरा हुआ मतलब मौत."

परतताना बैलांच्या दमणीत खुशालराव हिशोब मांडू लागला. बायको तर आपलीही मेली होती. चांगली लग्नाची, पहिली बायको. आणि सगळ्या अमरावतीत ही गोष्ट कुणाला ठाऊकही नव्हती. एवढा मोठा ऐवज घरात असून आपण तो असा वाया घालवला, याचं त्याला फार वाईट वाटलं.

सुभद्रा गेली तेव्हा तिची मुलगी शकुन रांगत होती. खेड्यातच तापानं गेली. तेरावं झालं आणि वर्ष सरायच्या आत माणिकबाई या घरात आली. रीतीप्रमाणे माणिकबाईच्या गळ्यात सवतीचा टाक बांधला गेला. टाक म्हणजे चांदीचा चपटा पत्रा, त्यावर बाईचा ठसा. मेलेल्या सवतीनं नव्या बायकोला छळू नये म्हणून तो गळ्यात वागवायचा आणि हळदीकुंकू आधी त्याला लावायचं. सोनाराकडे ठसा एकच असतो. दोन डोळे, एक नाक, नाकात नथ. बाई कोणतीही मरो, चेहरा तोच. सुभद्रेची या घरात एवढीच आठवण होती.

म्हणून खुशालरावानं अकोल्याहून गयासुद्दीन चितारी बोलावला. बाईमाणसाचं चित्र बैठकीत काढणं कुणालाच बरं वाटलं नसतं, तेव्हा साहेबासारखी फुलंच काढायची ठरली. गयासुद्दीनला त्याचा आनंदच झाला, कारण त्याला फुलांखेरीज काही येत नव्हतं. त्याचे आजोबा म्हणे एलिचपुराच्या नवाबाकडे छतं रंगवत. आजोबांचे खाके त्यानं कातडी नळकांड्यात जपून ठेवले होते. खाका म्हणजे सुईनं टोचून नक्षी केलेला कागद. तो भिंतीला लावून त्यावर कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटली की भिंतीवर ठिपक्याठिपक्यांचं फूल उमटतं. मग त्यात रंग भरायचा. आजोबांचे खाके तीनच होते: गुलाब, नर्गिस आणि लाला. चौथं फूल जगात असेल अशी गयासुद्दीनला शंकाही आलेली नव्हती.

त्यानं बैठकीची भिंत हातानं चाचपून पाहिली आणि अदबीनं विचारलं, "मरहूमा को कौनसा फूल पसंद था, पाटीलसाहब?"

खुशालराव त्याच्याकडे बघत राहिला. "बायकोले फूल आवडते का नाही, हे कोनाले माहीत असते गा?" मग त्यानं आतल्या दाराकडे तोंड करून हाक दिली, "माणिक, सुभद्राले कोनतं फूल आवडे?"

"मले काय माहीत?" दाराआडून माणिकबाई म्हणाली. "मी आली तवा ते गेली होती. गळ्यात हाये माह्या, पन बोलत नाही."

मग ज्यांनी सुभद्रेला कधी पाहिलं नव्हतं ते सगळे सांगू लागले. भगवंत दलालाचं म्हणणं गुलाबच हवा, साहेबाच्या बागेत गुलाब आहेत. भटजींचं म्हणणं कमळच हवं, लक्ष्मी कमळावर बसते. खुशालराव म्हणाला, जे फूल जास्त भारी दिसेल ते काढा.

शकुन दाराशी आली. "बाबा, मायचं जे खरंच होतं, तेच काढा."

"मंग सांग ना कोनतं होतं ते."

ते तिला सांगता आलं नाही, आणि ती आत जाऊन रडली. तिच्याजवळ आईचं काहीच नव्हतं. लुगडी नातेवाइकांत वाटली गेली होती, चेहरा आठवत नव्हता, आणि टाकावरचा चेहरा तिनं शेजारच्या घरातही एका बाईच्या गळ्यात पाहिला होता. तिचं लग्न अकोल्याच्या महादेवरावांच्या मुलाशी ठरत आलं होतं. माणूस बडा होता, कापसाचा व्यापार जोरात होता. एकदा ती अकोल्याला गेली की या घरात आईबद्दल विचारणारंही कुणी उरणार नव्हतं. जाताना आईची एक तरी खरी गोष्ट तिला बरोबर न्यायची होती. फुलाचं नाव कळलं असतं तरी तिला पुरलं असतं.

गयासुद्दीननं मात्र घरातल्या माणसांचा नाद सोडला आणि लाला काढायला घेतला. लाल पाकळ्या, लांब मान, पोटात काळा डाग. त्याच्या घराण्यात गेलेल्या माणसाच्या आठवणीला हेच फूल काढत. पोटातला डाग म्हणजे मागं राहिलेल्याच्या काळजावरचा डाग, असं तो प्रत्येक येणाऱ्याला समजावून सांगे. अर्धी भिंत लाल झाली. खुशालराव खूष होता. लांबून रंग उठून दिसत होता.

मग गाव बघायला आलं.

काळजाचा डाग वगैरे कुणाच्या बापानं ऐकलं नव्हतं. पण आमच्याकडे लेकरू रडायला लागलं की आजी त्याला अफूचा कण चाटवायची, आणि कोणत्या म्हाताऱ्याला संध्याकाळी किती गोळी लागते ते साऱ्या आळीला पाठ असायचं. पहिल्याच म्हातारीनं भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे त खसखशीचं फूल होय. अफूचं." मग ती जरा थांबली आणि हलकेच म्हणाली, "असं होतं का मंग."

तेवढं पुरलं. खुशालरावाच्या पहिल्या बायकोनं अफू खाल्ली होती, आणि नवऱ्यानं ते एवढी वर्षं पोटात ठेवून आता भिंतीवर कबूल केलं, हे दुसऱ्या दिवशी सगळ्या पेठेला माहीत होतं. तिसऱ्या दिवशी असे लोक निघाले ज्यांना तिच्या ओठांवरचा निळेपणा आठवत होता. बाजारच्या गाड्यांबरोबर ही बातमी मूर्तिजापुरावरून अकोल्याला पोचली. महादेवरावांचा माणूस निरोप घेऊन आला: पोरीच्या मायनं जीव दिला म्हणतात, खरं काय ते कळवा, दिवाळीनंतर आम्ही स्वतः येऊन पाहतो.

खुशालरावाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याच दिवशी भिंतीवर चुना फासला गेला. लाला गेला, डाग गेला. गयासुद्दीन कमरेवर हात ठेवून बघत होता.

"आप लोग फूल नहीं देखते," तो म्हणाला, "उसका नशा देखते हो."

"आता असं फूल काढ," खुशालराव त्याला म्हणाला, "का ज्याच्यावर कोनी बोट नाही ठेवलं पायजे."

असं फूल सापडेना. एकदा अफूचं निघाल्यावर लोकांचा कशावरच विश्वास राहिला नव्हता. कण्हेरी विषारी, धोतरा त्याहून विषारी. मोगरा म्हटला तर भगवंतानं डोळा घातला, कारण मोगऱ्याचे गजरे कोणत्या माडीवर जातात ते त्याला चांगलं ठाऊक होतं. झेंडू दसऱ्याला बैलाच्या गळ्यात असतो, आणि बायकोच्या आठवणीला बैलाचं फूल काढलं तर लोक काय म्हणतील. कमळावर भटजी ठाम होते, पण गयासुद्दीननं भटजींसमोरच सांगून टाकलं की कमळ काढायला आपल्याकडे खाका नाही, आणि भटजींनी आणून दिला तरी आजोबांचा नसलेला खाका आपण भिंतीला लावणार नाही. दोघांचं बोलणं बंद झालं.

शेवटी शकुन म्हणाली, "मी गावी जाऊन इचारून येते. आशाबाईले माहीत असंन." आशाबाई त्यांच्या शेतावर कापूस वेचायची, सुभद्रा पाटलीण असली तरी तेव्हा तीही बायांबरोबर वेचायला जायची, कारण तेव्हाचं पाटलीणपण तेवढंच होतं. खुशालरावाला वाटलं, लग्नाआधी पोरगी गावच्या देवीलाही जाऊन येईल, जाऊ दे. माणिकबाईनंही पदर खोचला.

"तू काहून चालली?" खुशालरावानं विचारलं.

"इतके वर्सं मिरवून राहिली मी तिले गळ्यात," ती म्हणाली. "कोन होती ते मलेबी पाहू द्या."

पहिली वेचणी सुरू झाली होती. पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडांवर, खाली बोंडं फुटलेली आणि वर शेंड्याला अजून पिवळी फुलं होती. आशाबाई ओटीत कापूस घेऊन झाडांच्या तासातून धुऱ्याकडे, म्हणजे बांधाकडे, येत होती. तिनं दोघींकडे पाहिलं, पण हात थांबवला नाही.

"फूल?" ती म्हणाली. "तुह्या मायले कोनतं फूल भेटनार होतं व पोरी? एकच डाव लावलं होतं तिनं. दसरा होता. झेंडू सारा बैलाले आन् दाराले लागला. नवं लुगडं नाही का काही नाही. वावरात आली, पऱ्हाटीचं एक फूल तोडलं आन् आंबाड्यात खोसलं. आमी म्हटलं, आज पाटलीन दिसून राहिली तू. लय हसली."

"मंग?"

"मंग पाटील आले धुऱ्यावरून. एक फूल म्हंजे एक बोंड, म्हने. आन् ठेवून देली कानाखाली, साऱ्या बायाइच्या समोर. फूल पडलं खाली. तिनं उचललं, पदराच्या गाठीत बांधलं आन् दिवसभर निंदलं आमच्या संगं. मंग कंदीच कोनतं फूल नाही लावलं. पुढच्या वर्साले ताप आला."

शकुन एवढी विचारत आली होती, आणि मिळालं ते हे. माणिकबाईनं पदराआड हात घालून टाक मुठीत धरला होता. मूठ तिनं सोडली नाही.

"पाटलाले हे याद नसंन," ती म्हणाली.

"त्याइले कायले याद राहीन," आशाबाई म्हणाली. "गाल थोडाच त्याइचा होता."

शकुननं फुललेली एक डहाळी पाहिली आणि हात पुढं केला. मग तो तसाच राहिला.

"तोड व," आशाबाई म्हणाली. "आता कोन मारते."

परतताना माणिकबाई नदीचं पात्र ओलांडल्यावर म्हणाली, "फूल सांगजो. बाकीचं पोटात ठेवजो. सारं सांगतलं त फूलबी नाही राह्याचं." शकुनला राग आला, पण सावत्र आईचं म्हणणं खरं होतं. घरात खरं बोलण्याची किंमत माणिकबाईइतकी कुणी मोजली नव्हती.

खुशालरावानं डहाळी हातात घेतली. शकुन त्याच्या चेहऱ्याकडे डोळे लावून उभी होती. कुठं एखादी रेघ हलेल, डोळा खाली जाईल, म्हणून ती बघत होती.

"पऱ्हाटीचं?" तो म्हणाला आणि मांडीवर थाप मारून हसला. "पाहा भगवंता, आमची बाई. सारी दुनिया आज कापूस-कापूस करते, आन् तिनं तवाच पारखलं होतं." भगवंत दलालानं मान डोलावली. विष नाही, नाच-गाणं नाही, बैल नाही. आणि ज्याच्या घरात हे फूल त्याच्या घरात लक्ष्मी. याच्यावर कोण बोट ठेवणार.

तो खोटं बोलत नव्हता. तो खरंच विसरला होता. शकुनला तेच जास्त झोंबलं.

गयासुद्दीननं आधी नाक मुरडलं. आजोबांनी नवाबाच्या छतावर शेतातलं झुडूप काढलं नव्हतं. पण डहाळी पाण्याच्या गडव्यात ठेवली आणि त्यानं जवळून पाहिलं तर पिवळ्या पाकळ्यांच्या पोटात गडद लाल ठिपका होता. "अरे," तो म्हणाला, "इसके भी जिगर पे दाग है." मग त्याचं मन वळलं. जन्मात पहिल्यांदा त्यानं स्वतः खाका टोचला आणि भिंतीवर पिवळं फूल उतरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतो तर गडव्यातलं फूल लाल. तो घरभर ओरडत फिरला. फूल कुणी बदललं, भटजींनीच बदललं असणार.

"कोनी नाही बदललं," शकुन म्हणाली. "पहिल्या दिवशी पिवळं राह्यते, दुसऱ्या दिवशी लाल होते. मंग गळते."

गयासुद्दीन भिंतीसमोर बसून राहिला. त्यानं दुसरं फूल लाल रंगवलं आणि खाली जमिनीच्या कडेला एक गळालेलं काढलं. तेवढं काम त्यानं खरंच जीव ओतून केलं, हे मान्य करायला हवं. मग खुशालराव आला आणि म्हणाला, बोंडं कुठी हायेत? बोंडाबिगर फूल कोन्या कामाचं? गयासुद्दीननं हात जोडून पाहिले. उपयोग झाला नाही. शेवटी भिंतीच्या चारी कोपऱ्यांत फुटलेली बोंडं आली, एकेक नारळाएवढं. बैठक आता आठवणीची वाटे आणि दुकानाचीही वाटे. खुशालरावाला दोन्ही हवंच होतं.

दिवाळीनंतर महादेवराव आपली माणसं घेऊन दमण्यांनी आले. धिप्पाड माणूस, जेवणाच्या आधी कडक आणि जेवणानंतर हळवा, असा त्यांचा लौकिक होता. म्हणून खुशालरावानं त्यांना आधी पोटभर वाढलं आणि मग बैठकीत नेलं. बायका चिकाच्या पडद्याआड बसल्या. शकुन पडद्याला अगदी लागून होती.

"पाटील," महादेवराव भिंतीकडे बघत म्हणाले, "आमी काही भलतंच ऐकलं होतं. हे त पऱ्हाटीचं फूल होय. याचं कारन काय?"

खुशालराव याचीच वाट पाहत होता. त्यानं मिशीवर हात फिरवला.

"आमच्या सुभद्राचं आवडीचं फूल," तो म्हणाला. "आमी तवा गरीब. घरात काही नाही. पन तिले फुलाचा शौक. मी स्वता तिच्या केसात माळत जाओ, वावरात."

बैठकीतून कौतुकाचा आवाज निघाला. खुशालराव रंगात आला. थाप मारताना माणसाला सामान तर लागतंच, आणि ते तो नकळत घरातूनच काढतो. खुशालरावाला वाटत होतं आपण रचतोय. "दसऱ्याचा दिवस होता," तो म्हणाला. "पऱ्हाटी फुलावर आलेली. हिरवं लुगडं होतं तिच्या अंगावर, धुऊन-धुऊन पांढरं झालेलं. साऱ्या बाया हसून राहिल्या होत्या. मी धुऱ्यावरून आलो. ते माह्याकडे पाहून हसली. मी जवळ गेलो आन् हा हात असा उचलला आन्..."

त्यानं हात उचलून दाखवला.

फूल माळायला उचललेला हात चिमटीत असतो. खुशालरावाचा हात मोकळा होता, पंजा पसरलेला, कानाच्या उंचीला. त्यानं स्वतःच्याच तळव्याकडे पाहिलं आणि पुढचा शब्द त्याच्या तोंडून निघेना. सगळी बैठक त्या हाताकडे बघत होती आणि तो खाली घ्यायचं त्याला सुचत नव्हतं. पडद्याआड शकुननं डोळे मिटून घेतले.

"बस, पाटील," महादेवराव म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "पुढचं नका सांगू. समजलं आमाले."

मग सगळ्यांनीच डोळे पुसले. भगवंत दलाल म्हणाला, कापूसबाजारात एवढं प्रेम त्यानं पाहिलं नव्हतं. जिथं बायकोवर अशी माया, त्या घरची लेक आम्हाला डोळे झाकून पसंत आहे, असं महादेवरावांनी तिथंच जाहीर केलं, आणि साखर वाटली गेली. खुशालरावाच्याही हातावर कुणीतरी साखर ठेवली. ती त्यानं तशीच मुठीत धरली होती.

दमण्या गेल्यावर शकुन बैठकीत पानाची तबकं उचलायला आली. खुशालराव भिंतीसमोर बसला होता. त्याचं वय झालंय हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

"आशाबाई काय सांगे?" त्यानं विचारलं.

"सारं सांगतलं."

त्यानं मुठीतली चिकट झालेली साखर तबकात टाकली. मग म्हणाला, "तवाचे दिवस तुले माहीत नाहीत, पोरी. एका-एका बोंडावर जीव होता. बोंड वाया जाऊन राहिलं होतं."

"फूल त तिनं तोडलंच होतं, बाबा," शकुन म्हणाली. "मारल्यानं ते बोंड परत झाडाले लागनार होतं का?"

साहेबाला बोलण्यात हरवणारा, दलालांची तोंडं बंद करणारा हा माणूस. मिशीकडे गेलेला हात त्यानं मध्येच खाली घेतला. शकुननं तबकं उचलली आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी खुशालराव भिंत पुसायला सांगेल, तर अडवायला म्हणून माणिकबाई सकाळपासून बैठकीच्या दारात बसून होती. त्यानं तसं काही सांगितलं नाही. फक्त आपली गादी उचलून त्या भिंतीखालीच घालायला लावली. आता येणारा-जाणारा त्याच्या पागोट्यावरून ती पिवळी आणि लाल फुलं बघायचा. एकट्या खुशालरावाची त्यांच्याकडे पाठ असायची. गावानं लगेच अर्थ लावला: किती जीव असेल, फुलाकडे बघवतसुद्धा नाही त्याला. पुढच्या हंगामापर्यंत अमरावतीतल्या सहा-सात बैठकांत पऱ्हाटीची फुलं आली. गयासुद्दीन अकोल्याला परत जायचं विसरला. एका सावकारानं तर बायको धडधाकट असताना भिंत रंगवून ठेवली, आणि ती माउली रोज त्या फुलांखाली बसून त्याला जेवायला वाढायची.

लग्न अमरावतीलाच झालं. निघताना शकुन वडिलांच्या पाया पडली. आशीर्वादासाठी खुशालरावानं हात उचलला आणि तो तिच्या डोक्यापासून वीतभर वर थांबला. ती वाकून वाट बघत राहिली. तो हात खाली आला नाही. मग शकुन सरळ झाली, माणिकबाईच्या गळ्यातल्या टाकाला कुंकू लावून दमणीत बसली. बाप फार हळवा आहे, असं वऱ्हाडी मंडळी वाटेत मूर्तिजापुरापर्यंत बोलत होती, आणि शकुननं त्यांना काही सांगितलं नाही.